आमचे समवयस्क युवराज

आमच्या मातुश्रींना एक संवय होती. वाड्यांतलें, आळींतलें किंवा नात्यागोत्यांतलें कोणतेंहि मूल दृष्टीस पडलें कीं तें आमच्या 'बरोबरीचें' आहे कीं नाहीं हें त्या प्रथम ठरवीत. आणि असल्यास त्या मुलाची उंची, त्याचें अक्षर, त्याचे गणितांतले गुण हीं सर्व मापें आमच्या अंगाला लावून पाहत. या बरोबरीच्या मुलांत एक मूल फार दूरचें होतें. आमचा जन्म १९४८ सालच्या ऑक्टोबरांत, दिवाळीच्या तोंडावर, पुण्याच्या सदाशिव पेठेंत झाला. आणि त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनीं, १४ नोव्हेंबर रोजीं, लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यांत राजकन्या एलिझाबेथ यांना पुत्र झाला. ही बातमी मातुश्रींनीं बाळंतिणीच्या खोलींत ऐकली व जन्मभर लक्षांत ठेविली. पुढें वर्तमानपत्रांत त्या मुलाचें चित्र आलें कीं, "बघ, तो तुझ्या बरोबरीचा विलायतेंतला, कसा ताठ उभा आहे!" असें म्हणून त्या आमच्या पाठींत एक धपाटा घालीत. इंग्रजांचें राज्य गेलें होतें. परंतु मातुश्रींच्या मापपट्टीला त्याची खबर नव्हती.

अशा रीतीनें, ज्यांच्याशीं आमची ओळख नाहीं आणि ज्यांना आम्हीं उभ्या आयुष्यांत एकदांच, तेंहि गर्दींतून, मोटारीच्या कांचेआड पाहिलें, त्या चार्ल्स नामक गृहस्थांशीं आमची एकतर्फी स्पर्धा सुरू झाली. ती सम नव्हती हें सांगणें नकोच. १९५२ च्या फेब्रुवारींत त्यांच्या मातोश्री राणी झाल्या, तेव्हां तीन वर्षांच्या या मुलाकडे कॉर्नवॉलची डची आपोआप आली. ही जहागीर १३३७ सालापासून थोरल्या युवराजाकडे चालत आलेली आहे. आम्हीं त्या वेळीं पाटीवर श्री गिरवण्यासहि आरंभ केला नव्हता. मात्र १९७० सालीं ते केंब्रिजहून इतिहासाची पदवी घेऊन बाहेर पडले ती दुसऱ्या वर्गाच्या खालच्या पायरीवरची, आणि त्याच वर्षीं आम्ही पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झालों. हें वाक्य लिहितांना आम्हांस आजहि जें समाधान होत आहे, त्याची वाचकांनीं क्षमा करावी.

त्याच १९७० च्या फेब्रुवारींत, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, त्यांनीं कार्डिफ येथें एक भाषण केलें. नद्यांत सोडलेलें कारखान्यांचें घाण पाणी, समुद्रावर पसरणारें तेल, मोटारींचा व विमानांचा धूर आणि कधींहि न कुजणारें प्लास्टिक यांविषयीं हे तरुण राजपुत्र कळकळीनें बोलले. ऐकणाऱ्यांना तो एक छंद वाटला. आम्ही तेव्हां मुंबईस गिरगांवांत आत्याच्या चाळींत राहून पहिली नोकरी करीत होतों. प्लास्टिकची पहिली बादली त्या वर्षीं घरांत आली आणि ती गंजत नाहीं म्हणून शेजारणी पाहावयास आल्या होत्या. तेव्हां न कुजण्याच्या गुणाविषयीं आमचें मत अगदींच निराळें होतें.

१९७२ सालीं आम्ही लंडनला गेलों आणि तेथील एका नगरपालिकेच्या गृहबांधणी खात्यांत नोकरीस लागलों. त्या काळीं गरिबांसाठीं उंच इमारती बांधण्याची एक पद्धत होती. कारखान्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या भल्यामोठ्या फळ्या आणावयाच्या, यारीनें उचलून एकीवर एक रचावयाच्या आणि सांधे भरून टाकावयाचे. पत्त्यांचा बंगला म्हणतात तो हाच. १६ मे १९६८ रोजीं पहाटे पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट नांवाच्या नव्याकोऱ्या बावीस मजली इमारतींत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि एका कोपऱ्यांतलें घर निखळल्याबरोबर त्या कोपऱ्याचीं सर्व घरें एकामागून एक कोसळलीं. चार माणसें मेलीं. त्यानंतर सांधे अधिक बळकट करण्याचे नियम झाले. आमचें काम हेंच होतें.

सांधे आम्हीं बळकट केले. परंतु भिंतींचें काय? १९७५ सालीं आम्हांस एका इमारतीची पाहणी करण्यास धाडलें. उत्तरेच्या भिंतींवर काळी बुरशी चढली होती. एका वृद्ध बाईनें आम्हांस चहा दिला आणि कांहीं न बोलतां भिंतीवरून हात फिरवून ओला तळवा आमच्यापुढें धरला. कारण उघड होतें. काँक्रीटच्या फळीतून बाहेरची थंडी सरळ आंत येत होती, विजेची शेगडी पेटविणें भाडेकऱ्यांना परवडत नव्हतें आणि स्वयंपाकाची वाफ त्या गार भिंतीवर पाणी होऊन बसत होती. खात्याचें उत्तर मात्र ठरलेलें होतें कीं, लोक घरांत ओले कपडे वाळवितात व खिडक्या उघडीत नाहींत. आम्हीं चार पानांचें टिपण लिहिलें. वरिष्ठांनीं तें वाचलें, शांतपणें परत केलें आणि विचारलें, "यांत तुमचें मत कोणीं मागितलें आहे काय?" त्या वेळीं आमचें त्या देशांतलें राहणें त्या नोकरीवर टांगलेलें होतें. टिपण आम्हीं घरीं नेऊन फाडलें. बाईचा तळवा मात्र फाडतां आला नाहीं.

अशीं बारा वर्षें गेलीं. ३० मे १९८४ रोजीं हॅम्प्टन कोर्ट येथें ब्रिटिश वास्तुविशारदांच्या राजमान्य संस्थेचा दीडशेंवा वर्धापनदिन होता. समारंभांतले खरे सत्कारमूर्ति होते आपले चार्ल्स कोरिया! मूळचे गोमंतकीय घराण्यांतले, मुंबईस काम करणारे व नव्या मुंबईच्या आराखड्याचे एक जनक. त्यांना त्या वर्षींचें सुवर्णपदक मिळालें होतें. परंतु दुसऱ्या दिवशीं कोरियांचें नांव कोणाच्या तोंडीं नव्हतें. कारण युवराजांनीं स्तुतिपर चार शब्द बोलून खालीं बसण्याऐवजीं, जमलेल्या वास्तुविशारदांना त्यांच्याच घरीं धारेवर धरलें. सामान्य माणसांना काय हवें हें न विचारतां तुम्ही एकमेकांची वाहवा मिळविण्यासाठीं बांधतां, असा त्यांचा आरोप होता. ट्रॅफल्गार चौकांतील राष्ट्रीय चित्रसंग्रहालयाला जोडून जी नवी इमारत योजिली होती ती त्यांना एखाद्या आवडत्या, देखण्या स्नेह्याच्या चेहऱ्यावर उठलेल्या अक्राळविक्राळ काळपुळीसारखी वाटली, आणि तसें त्यांनीं बोलून दाखविलें.

आमच्या कचेरींत त्या दिवशीं काम झालें नाहीं. साहेबांचा चेहरा लाल झाला होता. ज्यानें आयुष्यांत एक वीट रचली नाहीं, एक परीक्षा धड दिली नाहीं, त्यानें आम्हांला शिकवावें? आम्हीहि त्या हशांत व संतापांत सामील झालों. दुसऱ्या वर्गाची गोष्ट आम्हींच सर्वांना सांगितली. संध्याकाळीं घरीं येऊन तोच त्वेष आम्ही ताटावर पुन्हा प्रकट करूं लागलों, तों आमचें कुटुंब शांतपणें म्हणालें, "अहो, बारा वर्षें रोज जेवतांना तुम्ही जें मला ऐकवितां तेंच तर तो चारचौघांत बोलला. त्याला नोकरी जाण्याची भीति नाहीं. आणि तुम्हांलाहि आतां ती राहिलेली नाहीं, तरी वाटते." त्यावर आम्हीं आमटी मागितली.

त्या एका भाषणाचा परिणाम विलक्षण झाला. चित्रसंग्रहालयाच्या त्या इमारतीला त्याच वर्षीं सरकारनें परवानगी नाकारली, आणि त्या जागीं निराळ्याच वास्तुविशारदांनीं बांधलेली दालनें १९९१ सालीं उघडलीं. मग युवराजांना जणुं चटकच लागली. थेम्सकांठच्या राष्ट्रीय नाट्यगृहाला त्यांनीं अणुशक्तीच्या कारखान्याची उपमा दिली. ब्रिटिश ग्रंथालय त्यांना गुप्त पोलिसांच्या विद्यालयासारखें दिसलें. १९८७ सालीं तर ते म्हणाले कीं, जर्मन विमानांनीं आमच्या इमारती पाडल्या खऱ्या, परंतु त्यांच्या जागीं दगडमातीच्या ढिगांपलीकडे कुरूप असें कांहीं उभें केलें नाहीं. वाक्य झणझणीत आहे. परंतु न्यायाच्या तराजूंत झणझणीतपणाला वजन नसतें. ज्या ग्रंथालयाची त्यांनीं अशी थट्टा केली, त्याच इमारतीला २०१५ सालीं जतन करण्याच्या वास्तूंच्या पहिल्या श्रेणींत स्थान मिळालें. त्या वास्तुविशारदानें उत्तर कोठें द्यावें? युवराजांचें वाक्य सर्व वर्तमानपत्रांत. ज्याच्यावर तें बोललें गेलें त्याचें उत्तर धंद्याच्या मासिकांत, तेंहि आंतल्या पानावर. ज्याला प्रत्युत्तर देतां येत नाहीं अशा माणसाचें मत हें नुसतें मत राहत नाहीं, तो एक प्रकारचा हुकूमच होतो, असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे.

आणि कांहीं मतें तर दुरून बोलण्याचींच असतात. २००९ सालीं त्यांनीं आपल्या धारावीची प्रशंसा केली. तेथें रहिवाशांनीं आपल्या गरजेप्रमाणें आपोआप रचलेली वस्ती आहे, माणसें एकमेकांना धरून आहेत, पश्चिमेनें यापासून धडा घ्यावा, असा त्यांचा आशय. आमचें गिरगांवांतलें बिऱ्हाड कांहीं धारावी नव्हे. तरीहि पहाटे मजल्याच्या टोकाशीं हातांत टमरेल घेऊन रांगेंत उभा राहिलेला मनुष्य शेजारधर्माची महती निराळ्या स्वरांत गातो. पण इतकेंहि कबूल केलें पाहिजे कीं, मुंबईच्या गरिबांकडे ते केवळ व्याख्यानापुरते वळले असें नाहीं. २००३ सालीं ते चर्चगेटला डबेवाल्यांना भेटले आणि २००५ च्या एप्रिलांत आपल्या दुसऱ्या विवाहाला त्यांनीं दोघां डबेवाल्यांना आग्रहानें बोलावून नेलें. ती बातमी आमच्या कुटुंबानें लंडनमधील सर्व मराठी घरीं दूरध्वनीनें कळविली.

परंतु जी गोष्ट सांगण्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला ती याहून जुनी आहे. १९८८ च्या ऑक्टोबर अखेरीस युवराजांचा ब्रिटनच्या वास्तूंविषयींचा बोलपट बी. बी. सी. वर दाखविला गेला. त्याच आठवड्यांत पुण्याहून आमच्या दादांचें पत्र आलें. नेहमींचा आशीर्वाद, दिवाळीचा फराळ टपालानें धाडल्याची वार्ता, आणि मग मुद्दा. वाडा जुना झाला, मागची बाजू कलली आहे, भाडेकऱ्यांच्या भाड्यांतून कौलें चाळण्याचाहि खर्च निघत नाहीं. एक बांधकामवाले गृहस्थ येऊन गेले आहेत, वाडा पाडून चार मजली इमारत करूं म्हणतात. "तूं या विद्येंतला. तुझें जें काय मत असेल तें स्पष्ट कळव."

मत कोणीं मागितलें आहे काय, या प्रश्नाचें उत्तर आतां 'होय' असें होतें. त्या रात्रीं आम्हीं जेवणाच्या मेजावर कागद पसरून वाड्याचा उभा छेद काढला. दगडी जोतें भक्कम होतें. पुढच्या चौकाचे सागवानी खांब व तुळया आणखी शंभर वर्षें हलल्या नसत्या. कललेली होती ती फक्त मागची खण-दोन खणांची भिंत, आणि तीहि तिच्या पायांत न्हाणीचें पाणी मुरत होतें म्हणून. पुढचा चौक राखून मागें दोन मजले नवे चढविले असते तर पैसाहि उभा राहिला असता आणि वाडाहि. हिशेब पहाटे दोन वाजतां संपला. सकाळीं आम्हीं पत्र लिहिलें: "तीर्थस्वरूप दादांस कृतानेक साष्टांग नमस्कार. आपण वडील आहांत. प्रत्यक्ष त्रास आपण सोसतां. आपण ठरवाल तें मला मान्य आहे." विलायतेंत बसून अक्कल शिकवितो असें कोणी म्हणेल, वाट्यासाठीं खोडा घालतो असेंहि म्हणेल, ही भीति. छेदाचा कागद आम्हीं पाकिटांत घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला आणि अखेरीस बाहेरच ठेविला.

१९८९ सालीं वाडा पडला. १९९० सालीं त्या जागीं चार मजले उभे राहिले, आणि सागवान वजनावर गेलें. वीस वर्षांनीं आम्ही निवृत्त होऊन पुण्यास परत आल्यावर दादा एकदां सहज म्हणाले, "तुझें पत्र येईपर्यंत मीं सही केली नव्हती रे. तूं नको म्हणाला असतास तर थांबलों असतों." दादा आज हयात नाहींत. त्या दिवशीं ते सुपारी कातरीत होते आणि त्यांनीं मान वर केली नाहीं.

या गोष्टीनंतर युवराजांवर हंसण्याची आमची हौस पुष्कळच कमी झाली. तरी हेवा गेला असें नव्हे. २००५ सालीं एका पत्रकारानें त्यांचीं मंत्र्यांना लिहिलेलीं पत्रें पाहावयास मागितलीं. दहा वर्षें वाद चालून २०१५ च्या मार्चांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें तीं उघडीं करण्याचा मार्ग मोकळा केला. त्यांच्या अक्षराच्या वळणावरून या पत्रांना 'काळ्या कोळ्याचीं पत्रें' असें नांव पडलें होतें. आम्हीं तीं अथपासून इतिपर्यंत वाचलीं. सैन्याची हेलिकॉप्टरें जुनीं झालीं, गुरांना क्षय होतो, वनौषधींवर अन्याय होत आहे, दक्षिण समुद्रांत अमुक जातीचा मासा चोरून पकडतात! आमच्या थोरल्या काकांना टपालाची तिकिटें फुकट मिळालीं असतीं तर त्यांनीं याच धर्तीचा पत्रव्यवहार केला असता. काकांच्या पत्राला मात्र मंत्र्यानें उत्तर दिलें नसतें. आणि २००९ सालीं लंडनच्या चेल्सी बराकींच्या जागेवर रिचर्ड रॉजर्स यांचा आराखडा मंजुरीच्या उंबरठ्यावर असतां युवराजांनीं जागेच्या मालकांशीं संधान बांधून, कतारच्या पंतप्रधानांना एक खाजगी पत्र लिहिलें व तो आराखडा मागें घेतला गेला, तें आम्हांस बिलकुल रुचलें नाहीं. त्या कचेरींत आमच्यासारखे किती जण रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत छेद काढीत बसले असतील!

मग त्यांनीं स्वतः काय बांधलें, हें पाहण्यास आम्ही निवृत्तीपूर्वीं मुद्दाम डॉर्चेस्टरला गेलों होतों. तेथें डचीच्या जमिनीवर १९९३ पासून पाउंडबरी नांवाची पेठ त्यांच्या कल्पनेप्रमाणें उभी राहत होती; आराखडा लिओन क्रियर यांचा. प्रथमदर्शनीं ती आम्हांस नाटकाच्या पडद्यासारखी वाटली. नव्या घरांनीं जुन्याचें सोंग घेतलेलें, खांब ग्रीक, कमानी भलत्याच. परंतु रस्ते मुद्दाम वांकडे ठेविलेले, म्हणून मोटारी आपोआप हळू चालत होत्या. दुकानें, कारखाने व घरें एकाच गल्लींत. आणि स्वस्त भाड्याचीं घरें वेगळीं न टाकतां इतरांच्या मध्येंच बसविलेलीं, बाहेरून ओळखूंहि येत नव्हतीं. त्यांपैकीं एका घरांतल्या गृहस्थांनीं आम्हांस आंत बोलाविलें. बोलतां बोलतां आम्हीं उत्तरेच्या भिंतीवर हळूच तळवा ठेविला. ती कोरडी होती.

पुढील हकीकत सर्वांस ठाऊक आहे. ८ सप्टेंबर २०२२ रोजीं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं, ते राजे झाले. आम्हांस निवृत्त होऊन तेव्हां चौदा वर्षें झालीं होतीं. पांच दिवसांनीं गळक्या टांकावर ते चिडले तें साऱ्या जगानें पाहिलें, आणि ज्यानें जन्मभर टांकच चालविला त्याचा टांकावरचा राग आम्हांस मनापासून समजला. ६ मे २०२३ चा राज्याभिषेक आम्हीं सहकुटुंब दूरदर्शन-संचावर पाहिला. परंतु आमच्या मनांत राहिला तो त्याच वर्षींचा ७ नोव्हेंबर. त्या दिवशीं राजांनीं पार्लमेंटपुढें सरकारचें भाषण वाचलें. तें मंत्र्यांनीं लिहिलेलें असतें. राजानें फक्त वाचावयाचें. त्यांत समुद्रांतील तेल व वायु काढण्याचे नवे परवाने दरवर्षीं देण्याच्या कायद्याचें कलम होतें. एकविसाव्या वर्षीं कार्डिफला बोललेले गृहस्थ, पंचाहत्तरी एका आठवड्यावर आली असतां, मस्तकावर मुकुट घालून तें कलम एका संथ सुरांत वाचीत होते. राजा झाल्यावर आपण असा हस्तक्षेप करणार नाहीं, तेवढें आपल्याला कळतें, असें त्यांनीं आधींच सांगून ठेविलें होतें. आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बसलों. साहेबांपुढें उभे असतां आमचा चेहरा असाच दिसत असावा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या इमारतीच्या गच्चीवर सभासदांची सभा भरली. वाड्याच्या जागीं उभ्या राहिलेल्या त्या चार मजल्यांना तेहतीस वर्षें झालीं, आतां तीहि पाडून बारा मजले करावयाचे, असा प्रस्ताव होता. चिटणीस आमच्या पुतण्याच्या वयाचे. ते अगत्यानें म्हणाले, "काका, तुम्ही विलायतेंत इंजिनियर होतां. दोन शब्द सांगा." आम्ही उठलों. उत्तरेची भिंत, गल्लींत ऊन किती वाजेपर्यंत पोंचेल, गाड्यांच्या जागेखालीं बुजविलेली वाड्याची विहीर, वर पाणी चढविण्याचा खर्च, म्हाताऱ्यांनीं वीज गेल्यावर कोठें बसावें, इतकें सगळें आम्ही बोललों, आणि खिशांत नेलेला छेदहि उलगडून दाखविला. आमचें कुटुंब शेवटच्या रांगेंतून दोनदां खाकरलें. आम्ही चाळीस मिनिटांनीं खालीं बसलों.

सभेच्या इतिवृत्तांत त्याची नोंद "एका ज्येष्ठ सभासदांनीं कांहीं सूचना केल्या" एवढीच आहे. मात्र पुढील सभेची जी सूचना दारावर लागली, तींत प्रथमच एक ओळ घातलेली होती कीं, प्रत्येक वक्त्यास पांच मिनिटांची मर्यादा राहील.